कुपीत काय आहे, हे आम्हाला कळू द्या

प्रति,
मा. आयुक्त,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य,
मुंबई



सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यात श्रीपूर नावाचे गाव आहे, तिथून हे पत्र लिहीत आहे. विषय आहे पेप्टाइडचा. वजन उतरवण्यासाठी, दंड पिळदार करण्यासाठी, दुखावलेला गुडघा लवकर बरा व्हावा म्हणून, वय दिसू नये म्हणून आज पेप्टाइडची इंजेक्शने सुचवली जातात. सुचवणारा बहुतेक वेळा डॉक्टर नसतो. तो मोबाइलवरचा व्हिडिओ असतो, जिममधला जुना सदस्य असतो किंवा घरपोच माल पाठवणारा विक्रेता असतो.

आपल्याकडे मागणे काय आहे, ते आधीच सांगतो. ‘फक्त संशोधनासाठी’ असे लेबल लावून माणसांच्या शरीरात टोचण्यासाठी विकल्या जाणाऱ्या कुप्या आपण औषध म्हणून धराव्यात, त्यांचे नमुने घ्यावेत, आणि तपासणीत जे सापडेल ते सोप्या मराठीत जाहीर करावे. हे का मागतो आहे, ते सविस्तर लिहितो, कारण हे पत्र आपल्याबरोबर गावातली तरुण मुले आणि त्यांचे आईवडीलही वाचतील.

पहिली गोष्ट म्हणजे पेप्टाइडला भिण्याचे कारण नाही. अमिनो आम्लांची छोटी साखळी म्हणजे पेप्टाइड. हीच साखळी खूप लांबली की तिला प्रथिन म्हणतात. आमच्या भागातल्या कितीतरी घरांत फ्रिजच्या दारात दुधाच्या पिशवीशेजारी इन्सुलिन ठेवलेले असते. ते ५१ अमिनो आम्लांचे पेप्टाइडच आहे. जानेवारी १९२२ मध्ये टोरोंटोला एका मुलाला ते पहिल्यांदा टोचले गेले, आणि तोवर ज्या मधुमेही मुलांचे मरण ठरलेले असे, ती जगू लागली. हाडे ठिसूळ झालेल्या म्हाताऱ्या माणसांना दिले जाणारे टेरिपॅराटाइड हे ३४ अमिनो आम्लांचे पेप्टाइड आहे. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवणारे ऑक्सिटोसिन अवघ्या नऊ अमिनो आम्लांचे. ते प्रयोगशाळेत घडवून दाखवणाऱ्या व्हिन्सेंट दु व्हिग्नो यांना १९५५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

ऑक्सिटोसिन आमच्या तालुक्याला बाळंतिणीच्या खोलीइतकेच गोठ्यातूनही ठाऊक आहे. म्हैस पान्हवत नाही म्हणून धारेआधी इंजेक्शन द्यायचे, हा प्रकार दुधाच्या पट्ट्यात कोणाला नवा नाही. बिनालेबलाच्या प्लास्टिकच्या बाटल्यांतून हे औषध विकले जाई, आणि त्यावर आपल्याच खात्याने कारवाया केल्या आहेत. जे द्रव्य दवाखान्यात आईचा जीव वाचवते, तेच गोठ्यात बेहिशेबी वापरले की जनावराला छळते. पेप्टाइडच्या गैरवापराचा हा धडा आम्ही एकदा गिरवलेला आहे. त्याचा पुढचा भागही लक्षात ठेवण्यासारखा आहे. गैरवापर थांबवण्यासाठी केंद्र सरकारने २०१८ मध्ये खासगी कंपन्यांना देशात विकण्यासाठी ऑक्सिटोसिन बनवायला बंदी केली. त्याच वर्षी डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली, कारण खरी गरज असलेल्या बायकांनाच औषध मिळेनासे होण्याचा धोका होता. म्हणून सरसकट बंदी मी मागत नाही. औषध ज्याला हवे त्याला मिळावे आणि बेवारस माल बाजारातून जावा, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी व्हायला हव्यात.

आज ‘पेप्टाइड’ या एका शब्दाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी विकल्या जातात. गोंधळ तिथूनच सुरू होतो.

पहिली गोष्ट डब्यातली: कोलॅजन पेप्टाइडची किंवा दुधाच्या प्रथिनांची भुकटी. ही तोंडाने घ्यायची. पोटात ती डाळ-अंड्यातल्या प्रथिनांसारखीच पचते. हा खाद्यपदार्थ आहे आणि त्याला अन्नसुरक्षेचे नियम लागू होतात. त्यात भेसळ होऊ शकते, किंमत अवाच्या सव्वा असू शकते, पण तो इंजेक्शनचा प्रश्न नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे चाचण्यांतून गेलेली, मान्यता मिळालेली औषधे. सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपॅटाइड यांची नावे आता खेड्यातही ऐकू येतात. जेवल्यावर आतड्यात तयार होणाऱ्या संप्रेरकांची ती नक्कल करतात. भूक मंदावते, पोट सावकाश रिकामे होते, साखर आटोक्यात राहते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १,९६१ जणांच्या चाचणीत सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचे वजन ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्क्यांनी उतरले. औषध नसलेले इंजेक्शन घेतलेल्यांचे २.४ टक्क्यांनी. परिणाम खरा आहे. पण त्याच अभ्यासातल्या लोकांनी औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आला, हेही तितकेच खरे आहे. जे वजन जाते त्यात चरबीबरोबर स्नायूही जातात, म्हणून पुरेसे प्रथिन आणि व्यायाम सोडून हे औषध घेणे अंगाशी येते. मळमळ, उलट्या, पित्ताशयाचे खडे, क्वचित स्वादुपिंडाचा दाह हे धोके आहेत. घरात थायरॉइडच्या एका विशिष्ट कर्करोगाचा इतिहास असेल तर हे औषध देत नाहीत. म्हणजे ते घेण्याआधी कोणीतरी जाणकार माणसाने चार प्रश्न विचारलेच पाहिजेत.

टिर्झेपॅटाइड भारतात मार्च २०२५ मध्ये आले, तेव्हा आठवड्यातून एकदा घ्यायच्या २.५ मिलिग्रॅमच्या कुपीची किंमत ३,५०० रुपये होती. महिन्याला १४,००० रुपये. साखर कारखान्यावर किंवा दूध संकलन केंद्रावर कामाला असलेल्या घराला हा खर्च झेपणारा नव्हता. सेमाग्लुटाइडचे भारतातले पेटंट मार्च २०२६ पर्यंतचे. त्यानंतर देशी कंपन्यांना ते बनवण्याची वाट मोकळी होते, आणि किंमत खाली येण्याची आशा धरता येते. ही चांगली गोष्ट आहे. पण नाव सर्वतोमुखी आणि अस्सल औषध महाग, अशी वेळ असते तेव्हाच नकली मालाचे फावते. आपल्या निरीक्षकांची सर्वांत जास्त गरज या काळात आहे.

तिसरी गोष्ट खरी काळजीची. बीपीसी-१५७, टीबी-५००, सीजेसी-१२९५, इपामोरेलिन अशी नावे असलेल्या कुप्या. यांतले बीपीसी-१५७ हे १५ अमिनो आम्लांचे पेप्टाइड स्नायुबंध आणि आतडी बरी करते, असा गवगवा आहे. त्यावरचे बहुतेक काम उंदरांवर झालेले आहे. माणसांवरच्या चाचण्या अगदी थोड्या, आणि त्याही मूठभर लोकांवर. उंदरात ते नव्या रक्तवाहिन्या वाढवते, असे दिसले. जखम भरायला ते बरे, पण शरीरात कुठे न कळलेली गाठ असेल तर तिलाही रक्त मिळेल का, या प्रश्नाचे उत्तर माणसांवर लांबचा अभ्यास झाल्याशिवाय मिळणार नाही. सीजेसी-१२९५ आणि इपामोरेलिन ही शरीराला जास्त वाढ-संप्रेरक सोडायला लावतात. ते संप्रेरक वाढले की अंगात पाणी साठते, सांधे दुखतात, रक्तातली साखर चढते. ज्या जिल्ह्यात घरटी मधुमेह ऐकू येतो, तिथे वीस-बावीस वर्षांच्या मुलाने हा खेळ का खेळावा?

ही कुपी हातात घेतली तर आत पांढरी भुकटी असते. त्यात पाणी मिसळायचे आणि इन्सुलिनच्या सुईने पोटाच्या कातडीखाली टोचायचे. आता हिशेब पाहा. पाच मिलिग्रॅमच्या कुपीत एक मिलिलिटर पाणी घातले तर मिलिलिटरला शंभर खुणा असलेल्या सुईवरच्या दहा खुणांत अर्धा मिलिग्रॅम येतो. दोन मिलिलिटर घातले तर त्याच दहा खुणांत पाव. मित्राने सांगितलेल्या ‘दहा पॉइंट’चा अर्थ पाण्यावर ठरतो, आणि पाणी किती घालायचे हे सांगायला जबाबदार असे कोणी नसते. विक्रेता शुद्धतेचे प्रमाणपत्र दाखवतो, ९९ टक्के. कागद खरा मानला तरी तो इतकेच सांगतो की भुकटीतला जवळपास सगळा भाग अमुक पेप्टाइडचा आहे. कुपी निर्जंतुक आहे का, तिच्यात जिवाणूंचे विषारी अवशेष आहेत का, ती वाटेत उन्हात किती दिवस पडून होती, यातले काहीही त्या कागदावर नसते.

शुद्धतेचा आग्रह कशासाठी, हे वाढ-संप्रेरकाच्याच इतिहासाने दाखवले आहे. उंची न वाढणाऱ्या मुलांसाठी हे संप्रेरक पूर्वी मृत माणसांच्या मेंदूतल्या ग्रंथीतून काढत. ते डॉक्टरांनी, चांगल्या हेतूने, सरकारी कार्यक्रमांतून दिलेले औषध होते. १९८५ मध्ये अमेरिकेत लक्षात आले की ते घेतलेली काही माणसे बऱ्याच वर्षांनी मेंदू पोखरणाऱ्या क्रॉइट्झफेल्ट-याकोब आजाराने मरत आहेत. दूषित ग्रंथींतून तो आजार औषधात उतरला होता. वाटप तत्काळ थांबले आणि त्याच वर्षी प्रयोगशाळेत बनवलेले सुरक्षित संप्रेरक आले. रुग्णांची नोंद होती म्हणूनच हा दोष सापडला. आज कुरिअरने आलेल्या कुपीतून कोणाला काही झाले, तर ती कुपी कोणी बनवली आणि आणखी कोणाकोणाला गेली, हे शोधायला नोंदच नाही.

श्रीपूर हे साखरेचे गाव. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ मध्ये बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट स्थापन केली आणि इथे कारखाना उभा राहिला. आज श्री पांडुरंग सहकारी साखर कारखान्याचे बॉयलर इथेच पेटतात. उसाची गाडी काट्यावर आली की वजन होते, आणि तो काटा बरोबर आहे की नाही हे पाहायला वैधमापन खात्याचा माणूस येतो. रसाचा ब्रिक्स आणि पोल प्रयोगशाळेत मोजतात, उतारा काढतात. पोत्यावर कारखान्याचे नाव, हंगाम आणि साखरेची प्रत छापलेली असते. चहात घालायच्या साखरेला आम्ही एवढे सोपस्कार करतो. रक्तात जाणाऱ्या द्रव्याला यातले एकही नको, हे कसे चालेल? याच आगाशे यांचे नाव पुण्यात महाराष्ट्रीय मंडळाच्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयाला दिलेले आहे. उद्योग आणि व्यायाम या दोन्हींना मान देणाऱ्या परंपरेच्या गावातून हे पत्र येते आहे, म्हणून ते जास्त मनापासून लिहितो.

बेवारस कुप्यांची ही भीती हवेतली नाही. मेफेंटरमाइन हे नाव आपल्याला सांगायला नको. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल दिल्यावर रक्तदाब खाली गेला तर तो चढवण्यासाठी हे इंजेक्शन वापरतात. ते व्यायामाआधी टोचले की दम वाढतो, या समजुतीने गेल्या काही वर्षांत पुण्यासह पश्चिम महाराष्ट्रात त्याची बेकायदा विक्री झाली, पोलिसांनी आणि आपल्या खात्याने छापे घातले, माणसे पकडली गेली. ते पेप्टाइड नव्हे, पण रस्ता हाच होता: दवाखान्यातले औषध, मोबाइलवरची मागणी, कुरिअर, आणि शेवटी जिमच्या कोपऱ्यातली सुई. त्या रस्त्यावरून उद्या पेप्टाइडच्या कुप्या येतील, आणि औषधाच्या दुकानाची पायरीही न चढता येतील.

त्यांचे पहिले गिऱ्हाईक कोण असेल, हेही आम्हाला दिसते. अकलूज, माळशिरस, पंढरपूर या पट्ट्यात पहाटे रस्त्यावर धावणारी मुले-मुली पोलीस भरतीची असतात. मुलांना १,६०० मीटर आणि १०० मीटर धावणे, गोळाफेक, पन्नास गुणांचा खेळ. एका गुणाने यादीतून नाव जाते आणि वर्ष जाते. अशा वेळी घोटा मुरगळला आणि कोणी म्हणाले की या इंजेक्शनने आठ दिवसांत पाय बरा होईल, तर शेत विकून शिकवणीची फी भरलेल्या घरातला मुलगा किती विचार करेल? त्याच्या मोहाला दोष देण्याआधी त्याला खरी माहिती द्यायची जबाबदारी आपली, मोठ्यांची, आहे.

तालमीतल्या मुलांचे तर आयुष्यच पणाला लागते. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदीच्या यादीत पेप्टाइड संप्रेरके आणि वाढ-घटक यांचा स्वतंत्र वर्ग आहे. बीपीसी-१५७ हे नाव २०२२ पासून मान्यता नसलेल्या द्रव्यांच्या वर्गात आहे. अंगात सापडले तर ते कसे गेले याची जबाबदारी खेळाडूवरच येते. तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेल्या नरसिंग यादवच्या नमुन्यात २०१६ मध्ये मेथॅन्डिएनोन हे स्टेरॉइड सापडले. आपल्या खाण्यात कोणी भेसळ केली, असे त्याचे म्हणणे होते आणि देशातल्या समितीने ते मानलेही. क्रीडा लवादाने मानले नाही. रिओ ऑलिंपिकमध्ये कुस्तीला उतरण्याच्या तोंडावर चार वर्षांची बंदी आली. इतक्या मोठ्या मल्लाची ही गत, तर गावच्या आखाड्यातल्या मुलाला वकील कोण देणार? २०२३ च्या जागतिक अहवालात, पाच हजारांहून अधिक नमुने तपासणाऱ्या देशांत, भारताचे दोषी नमुन्यांचे प्रमाण सर्वांत जास्त, ३.८ टक्के होते. ही शरमेची बाब आहे, आणि ती आपल्याच गावांतून सुधारावी लागेल.

कायदा अपुरा आहे, असे मला वाटत नाही. औषध व सौंदर्यप्रसाधन कायदा १९४० चा आहे. उपचारासाठी वापरायचे द्रव्य म्हणजे औषध, हे त्याची व्याख्या द्रव्याच्या हेतूवरून ठरवते, आणि परवान्याशिवाय ते बनवणे-विकणे हा गुन्हा आहे. नवीन औषधाला २०१९ च्या नियमांप्रमाणे केंद्राची मंजुरी लागते. लठ्ठपणा आणि मधुमेह बरा करण्याच्या जाहिरातींना १९५४ चा कायदा रोखतो. ‘संशोधनासाठी’ हे लेबल असलेल्या मालासोबत विक्रेता किती टोचायचे आणि किती दिवस टोचायचे हेही सांगत असेल, तर तो संशोधनाचा माल राहत नाही. एवढे एक वाक्य आपल्या खात्याने परिपत्रकात लिहिले, तरी प्रत्येक निरीक्षकाच्या हाताला बळ येईल.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत.

एक, वरील आशयाचे परिपत्रक काढावे आणि जिम, भरती शिकवण्या, वजन उतरवण्याची केंद्रे यांना ते लेखी पाठवावे. जिथे सुई टोचली जाते तिथे औषधाचा कायदा पोहोचतो, हे त्यांना कळले पाहिजे.

दोन, ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या कुप्या खात्याने गिऱ्हाईक म्हणून विकत घ्याव्यात आणि आपल्या प्रयोगशाळांत तपासाव्यात. आत नाव लिहिलेलेच द्रव्य आहे का, किती आहे, कुपी निर्जंतुक आहे का, हे तीन निष्कर्ष लोकांसमोर ठेवावेत. छाप्याच्या बातमीपेक्षा तपासणीचा अहवाल मुलांना जास्त पटतो.

तीन, एका पानाचे मराठी पत्रक काढावे. कोणती पेप्टाइड मान्यताप्राप्त औषधे आहेत, ती कोणी लिहून द्यायची, अस्सल पॅकिंगवर काय काय असते, आणि कोणत्या नावांना माणसांसाठी मान्यताच नाही. हे पत्रक प्रत्येक मेडिकलच्या काउंटरवर असावे. इन्सुलिन घेणाऱ्या आजीने ते वाचून आपले औषध बंद करू नये, याची भाषेत काळजी घ्यावी.

चार, ज्याने आधीच टोचून घेतले आहे, त्याला गुन्हेगार मानू नये. तो घाबरून लपला तर गाठ, ताप, चढलेली साखर सगळे लपेल. सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी आणि तालुक्याच्या रुग्णालयांत अशा रुग्णाला मोकळेपणाने सांगता यावे, आणि डॉक्टरांनी दुष्परिणामाची नोंद राष्ट्रीय औषध दक्षता कार्यक्रमाकडे करावी. विक्रेत्याला शिक्षा आणि रुग्णाला उपचार, हा फरक खात्याने उघडपणे सांगावा.

आयुक्त महोदय, हे पत्र वाचणाऱ्या तरुणांनाही दोन शब्द सांगायचे आहेत. कोणतीही कुपी समोर आली तर विचारा: हे कोणत्या आजारासाठी मंजूर आहे, कोणी लिहून दिले, बिल कोण देणार, आणि उद्या ताप आला तर फोन कोण उचलणार? चारही उत्तरे मिळाली तरच पुढे जा. दुखावलेल्या घोट्याला विश्रांती आणि हळूहळू वाढवलेला व्यायाम लागतो, दंडाला झोप, डाळ, अंडी, दूध आणि महिन्यांची मेहनत लागते. प्रशिक्षकांनो, मुले तुमच्या शब्दावर आपले शरीर सोपवतात. तो विश्वास कमिशनवर विकू नका.

आणि आयुक्त महोदय, हे सगळे एकट्या आपल्या खात्याने करावे, अशी अपेक्षा नाही. आपल्याकडे निरीक्षक थोडे आणि राज्य मोठे आहे, हे आम्ही जाणतो. आपण पत्रक छापा, ते पोहोचवण्याचे काम आमच्याकडे द्या. महाळुंग-श्रीपूर नगरपंचायतीच्या फलकावर, कारखान्याच्या टाइम ऑफिसात, दूध संकलन केंद्रांवर, तालमीच्या दारात आणि भरतीच्या मैदानावर ते लावायला इथे माणसे आहेत. पुढच्या पोलीस भरतीची मैदानी चाचणी सुरू होण्याआधी ते आमच्या हातात पडावे, एवढी मुदत मात्र पाळा.

कळावे,
आपला,
श्रीपूरचा एक नागरिक
ता. माळशिरस, जि. सोलापूर